अपघातानंतरचा पहिला तास : वाहनचालकाची कर्तव्ये

पांढुर्णा आणि सौंसर हे दोन्ही तालुके रस्त्यांच्या दृष्टीने महत्त्वाच्या ठिकाणी वसले आहेत. नागपूरहून सावनेर, पांढुर्णा, मुलताई, बैतूल असा उत्तरेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४७ पांढुर्ण्यावरून जातो. सावनेरहून सौंसरमार्गे छिंदवाड्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५४७ दुसऱ्या बाजूने जातो. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. संत्री व कापूस वाहून नेणारे ट्रक, लांब पल्ल्याच्या बसगाड्या, शेतमालाने भरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, बैलगाड्या, मोटारसायकली, जामसावळीला दर्शनासाठी निघालेले भाविक आणि शाळेत पायी जाणारी मुले हे सर्व एकाच रस्त्याचा वापर करतात. जेथे वेगवान व मंद वाहतूक अशी एकत्र चालते, तेथे कितीही दक्षता घेतली तरी टक्कर होण्याचा संभव राहतोच.

अपघात टाळावा कसा, याविषयी पुष्कळ सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु अपघात घडून गेल्यावर वाहनचालकाने काय करावे, याची माहिती फार थोड्यांना असते. माहिती नसल्यामुळे मनुष्य घाबरतो आणि घाबरलेला मनुष्य पळतो. या पलायनामुळे जखमी मनुष्याचे प्राण जाऊ शकतात, त्याचबरोबर चालक स्वतःचेही मोठे नुकसान करून घेतो. म्हणूनच टक्कर झाल्यानंतरच्या पहिल्या तासात चालकाने क्रमाने काय करावे, कायदा त्याच्याकडून कशाची अपेक्षा करतो आणि त्याला कोणते संरक्षण देतो, याचा विचार या पाठात केला आहे.

पहिले कर्तव्य : थांबणे

वाहनाची कोणत्याही मनुष्याशी, जनावराशी, दुसऱ्या वाहनाशी किंवा मालमत्तेशी टक्कर झाली, तर चालकाने वाहन थांबविले पाहिजे. चूक कोणाची, याचा निर्णय होण्यापूर्वीच हे कर्तव्य सुरू होते. समोरचा मनुष्य चुकीच्या बाजूने आला असेल किंवा मद्यप्राशन केलेला असेल, तरीही चालकाची थांबण्याची जबाबदारी संपत नाही.

हा नियम नवा नाही. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ८९ मध्ये अपघातात जखमी झालेल्या व्यक्तीला मदत करण्याचे कर्तव्य चालकावर सोपविलेले होते. १ जुलै १९८९ पासून अंमलात आलेल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात हेच कर्तव्य कलम १३२ ते १३४ मध्ये अधिक स्पष्ट करण्यात आले. अपघातग्रस्त व्यक्तीने स्वतःचे नाव व पत्ता देऊन मागणी केल्यास चालकाने आपले व वाहनमालकाचे नाव आणि पत्ता दिला पाहिजे, असे कलम १३२ सांगते. १९६८ च्या व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय रस्ता वाहतूक करारातही अपघातात सापडलेल्या चालकाने शक्य तितक्या लवकर थांबावे, हाच पहिला नियम सांगितला आहे. याचा अर्थ असा की, थांबणे हा साऱ्या जगाने मान्य केलेला रस्त्याचा धर्म आहे.

खेड्यातील वाचकांनी या कलमातील आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. येथे जनावर या शब्दात घोडा, गुरे, हत्ती, उंट, गाढव, खेचर, मेंढी व शेळी यांचा समावेश केलेला आहे. बैलाला धक्का लागला तरी चालकाने थांबणे आवश्यक आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने बैल गमावणे म्हणजे पेरणीचा हंगाम गमावण्यासारखेच असते. तेव्हा "माणसाला तर काही झाले नाही" असे म्हणून पुढे निघून जाणे कायद्यालाही मान्य नाही आणि माणुसकीलाही नाही.

न थांबता निघून जाण्याचे प्रमाण किती मोठे आहे, हे केंद्र शासनाच्या आकडेवारीवरून दिसते. २०२२ या वर्षी देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी ३०,४८६ व्यक्तींचा मृत्यू धडक देऊन वाहन निघून गेल्याच्या अपघातांत झाला. म्हणजे मरण पावलेल्या दर शंभर व्यक्तींपैकी सुमारे अठरा जणांना धडक देणारा चालक तेथे थांबलाच नव्हता.

दुसरे कर्तव्य : दुसरी टक्कर टाळणे

वाहन थांबल्यावर चालकाने प्रथम इंजिन बंद करावे आणि धोक्याची सूचना देणारे, लुकलुकणारे दिवे चालू करावेत. नंतर वाहनातील प्रवाशांना रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी न्यावे. रस्त्यावर वाहनांच्या मध्ये उभे राहून वाद घालणे अत्यंत धोक्याचे असते.

ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारे वाहन एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर कापते. मागून येणाऱ्या चालकाला अडथळा दिसून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच वाहन वीस-बावीस मीटर पुढे आलेले असते, आणि ब्रेक लागल्यावरही ते जागच्या जागी थांबत नाही. म्हणून धोक्याचा लाल त्रिकोण अपघातग्रस्त वाहनाच्या अगदी मागे न ठेवता किमान पन्नास मीटर अंतरावर ठेवावा. वळण, चढ किंवा पूल असेल तर तो त्याच्याही अलीकडे, येणाऱ्या वाहनाला वेळेवर दिसेल अशा बेताने ठेवावा. छिंदवाडा-सौंसर मार्गावरील सिल्लेवानी घाटासारख्या वळणाच्या भागात ही दक्षता विशेष महत्त्वाची आहे. त्रिकोण ठेवण्यास जाणाऱ्याने रस्त्याच्या कडेने, येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून चालावे.

त्रिकोण जवळ नसल्यास झाडाच्या फांद्या किंवा दगड ठेवण्याची पद्धत आपल्याकडे आहे. अडचणीच्या वेळी याचा उपयोग होतो, हे खरे. परंतु वाहन हलविल्यावर ते दगड तसेच रस्त्यावर राहतात आणि रात्री एखादा मोटारसायकलस्वार त्यांवर आदळतो. ज्याने दगड ठेवले त्यानेच ते उचलून टाकले पाहिजेत. ट्रॉलीला मागे दिवा किंवा परावर्तक पट्टी नसेल, तर ती अंधारात दिसतच नाही. अशा वेळी हातात विजेरी घेतलेला एक मनुष्य सुरक्षित अंतरावर कडेला उभा करावा.

अपघातस्थळी विडी-सिगारेट ओढू नये. सांडलेल्या पेट्रोलला एक ठिणगीदेखील पुरेशी असते. टँकर उलटल्यास लोकांनी डबे घेऊन तेल गोळा करण्यास जाऊ नये. २५ जून २०१७ रोजी पाकिस्तानातील बहावलपूरजवळ उलटलेल्या टँकरमधील इंधन भरून घेण्यासाठी जमलेल्या लोकांत आगीचा भडका उडाला आणि दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. संत्र्यांचा ट्रक उलटला असता संत्री वेचण्यासाठी रस्त्यावर धावणारी मुलेही मागून येणाऱ्या वाहनांच्या तोंडी जात असतात. अशा वेळी गावातील जाणत्या मंडळींनी पुढे होऊन गर्दी दूर ठेवावी.

तिसरे कर्तव्य : जखमींना उपचार मिळवून देणे

कलम १३४ नुसार जखमी व्यक्तीला वैद्यकीय मदत मिळावी यासाठी चालकाने शक्य ते सर्व उपाय केले पाहिजेत आणि तिला जवळच्या डॉक्टरकडे किंवा रुग्णालयात पोहोचविले पाहिजे. याच कलमाने डॉक्टरांवरही जबाबदारी टाकली आहे. कोणत्याही औपचारिकतेची वाट न पाहता जखमीवर तत्काळ उपचार सुरू करणे हे त्यांचे कर्तव्य आहे.

या तरतुदीच्या मागे एक दुःखद इतिहास आहे. एका स्कूटरस्वाराला मोटारीने धडक दिली. त्याला जवळच्या रुग्णालयात नेले असता तेथील डॉक्टरांनी, हे पोलीस प्रकरण असल्याने दुसऱ्या रुग्णालयात न्यावे, असे सांगितले. ते रुग्णालय सुमारे वीस किलोमीटर दूर होते आणि तेथे पोहोचण्यापूर्वीच तो मरण पावला. या घटनेच्या वृत्तावरून पंडित परमानंद कटारा यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. २८ ऑगस्ट १९८९ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, प्राण वाचविणे हे प्रत्येक डॉक्टरचे, मग तो शासकीय असो वा खाजगी, पहिले कर्तव्य आहे आणि पोलिसांची कार्यवाही त्याच्या आड येऊ शकत नाही.

पांढुर्णा व सौंसर भागात या निर्णयाला विशेष अर्थ आहे. येथे मोठा अपघात झाला की, "जखमीला सरळ नागपूरला न्या" असे म्हणण्याची प्रवृत्ती असते. नागपूरला मोठी रुग्णालये आहेत, हे खरे. परंतु रक्तस्राव होत असलेला मनुष्य इतका लांबचा प्रवास सहन करील, याचा भरवसा नसतो. दुखापत झाल्यानंतरच्या पहिल्या तासात उपचार मिळाल्यास प्राण वाचण्याचा संभव सर्वाधिक असतो. २०१९ च्या दुरुस्तीने या तासाची व्याख्याच कायद्यात घातली असून त्याला 'सुवर्ण तास' असे म्हणतात. म्हणून जखमीला प्रथम जवळच्या रुग्णालयात न्यावे. तेथे रक्तस्राव थांबवून, श्वासोच्छ्वास सुरळीत करून, डॉक्टरांच्या सल्ल्याने पुढे नागपूर किंवा छिंदवाड्यास न्यावे.

रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलीस किंवा कोणत्याही आपत्कालीन मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या क्रमांकावरूनही मदत मिळते. दूरध्वनीवर बोलताना महामार्गाचे नाव, जवळचे गाव, किलोमीटरचा दगड, जाण्याची दिशा आणि जखमींची संख्या सांगावी. "पांढुर्ण्याजवळ अपघात झाला" एवढ्यावर रुग्णवाहिका नेमकी कोठे पाठवावी, हे समजत नाही.

रुग्णवाहिका येईपर्यंत पुढील गोष्टी कराव्यात. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापडाची घडी ठेवून ती हाताने घट्ट दाबून धरावी व वारंवार उचलून पाहू नये. जखमेत हळद, तंबाखू, चहाची पूड किंवा माती भरू नये. शरीरात रुतलेली वस्तू ओढून काढू नये. बेशुद्ध मनुष्याच्या तोंडात पाणी ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊन तो गुदमरण्याची भीती असते. बेशुद्ध असून श्वास चालू असलेल्या व्यक्तीला, मानेला किंवा पाठीला मार लागल्याचा संशय नसल्यास, कुशीवर वळवावे. असा संशय असेल, तर आग किंवा वाहतुकीचा धोका नसताना तिला हलवू नये आणि हलवावेच लागले तर डोके, मान व पाठ एका सरळ रेषेत ठेवून चार-पाच जणांनी मिळून उचलावे. हातपाय धरून जीपमध्ये कोंबल्याने वाचू शकणाऱ्या माणसालाही कायमचे अपंगत्व येऊ शकते.

उपचाराच्या खर्चाची काळजी हेदेखील विलंबाचे एक कारण असते. मे २०२५ मध्ये केंद्र शासनाने अधिसूचित केलेल्या योजनेनुसार मोटार वाहनाच्या अपघातात जखमी झालेल्या व्यक्तीला, अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत नियुक्त रुग्णालयात रोख रक्कम न भरता उपचार मिळण्याची सोय आहे. ही माहिती चालकाने आणि ग्रामपंचायतीने जखमीच्या नातलगांना द्यावी.

जमावाची भीती आणि कायदा

चालक का पळतात, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर एकच असते : "थांबलो असतो तर लोकांनी मारले असते." ही भीती खोटी आहे, असे म्हणता येत नाही. संतप्त जमावाच्या हातून चालकांना मारहाण झाल्याचे व वाहने जाळली गेल्याचे प्रकार देशाच्या अनेक भागांत घडले आहेत. कायद्यालाही याची जाणीव आहे. जमावाच्या प्रक्षोभामुळे किंवा नियंत्रणाबाहेरच्या अन्य कारणामुळे शक्य नसेल, तर जखमीला स्वतः रुग्णालयात पोहोचविण्याच्या कर्तव्यातून कलम १३४ चालकाला सवलत देते.

परंतु ही सवलत किती आहे, हे नीट समजून घेतले पाहिजे. कायदा चालकाला जागा सोडण्याची मुभा देतो, जबाबदारी सोडण्याची देत नाही. पोलीस अधिकारी तेथे उपस्थित नसेल, तर चालकाने जवळच्या पोलीस ठाण्यात शक्य तितक्या लवकर आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत जाऊन अपघाताची हकीकत सांगितली पाहिजे. जखमीला मदत का करता आली नाही, याचे कारणही तेथेच सांगावयाचे असते.

एक उदाहरण घेऊ. समजा, संध्याकाळच्या वेळी नागपूरकडे निघालेल्या ट्रकची एका सायकलस्वाराला धडक बसली आणि आजूबाजूच्या शेतांतून लोक धावत आले. पहिला चालक ट्रक तसाच सोडून शेतातून पळतो, रात्री घरी पोहोचतो आणि दूरध्वनी बंद करून बसतो. दुसऱ्या चालकालाही जिवाची भीती वाटते. तो ट्रक घेऊन सरळ पुढच्या पोलीस ठाण्यात जातो आणि वाटेत सुरक्षित जागी थांबून १०८ व ११२ या क्रमांकांवर जखमी कोठे पडला आहे ते सांगतो. जागा दोघांनीही सोडली. तथापि पहिल्याने एका माणसाला रस्त्यावर मरणाच्या दारात टाकले, तर दुसऱ्याने त्याच्याकडे रुग्णवाहिका पाठविली. कायद्याच्या दृष्टीने पहिला फरारी ठरतो. दुसऱ्याने मात्र आपले कर्तव्य परिस्थितीने जेवढे शक्य होते तेवढे पार पाडले.

ठाण्यात जाणे म्हणजे गुन्हा कबूल करणे, असाही एक समज आहे. तो बरोबर नाही. अपघाताची खबर देणे वेगळे आणि दोष मान्य करणे वेगळे. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, हे भारतीय पुरावाविषयक कायद्याचे जुने तत्त्व असून ते नव्या कायद्यातही कायम आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (१) नुसार निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे, परंतु हा गुन्हा जामीनपात्र आहे.

याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमावरून जानेवारी २०२४ च्या प्रारंभी देशभर ट्रकचालकांनी संप केला होता. बेदरकारपणे वाहन चालवून मृत्यू घडविणारा चालक पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना खबर न देता पळून गेल्यास त्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद त्या पोटकलमात आहे. संहिता १ जुलै २०२४ पासून लागू करताना हे पोटकलम अंमलात आणण्यात आले नाही. त्यावरून पळून जाण्यास आता मोकळीक आहे, असा अर्थ काही चालक काढतात. हा अर्थ चुकीचा आहे. मोटार वाहन कायद्यातील थांबण्याचे, मदतीचे व खबर देण्याचे कर्तव्य जसेच्या तसे लागू आहे. ते मोडल्यास कलम १८७ नुसार सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा तोच अपराध केल्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

पोलीस, पंचनामा आणि विमा

मनुष्य जखमी झाला असेल किंवा दगावला असेल, तर पोलीस येईपर्यंत वाहनांची स्थिती, चाकांच्या खुणा व फुटलेल्या काचा जागच्या जागी राहू द्याव्यात. जखमीला वाचविण्यासाठी किंवा आणखी अपघात टाळण्यासाठी वाहन हलविणे भाग पडल्यास प्रथम भ्रमणध्वनीवर चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि चाकांच्या जागा खडूने किंवा विटेच्या तुकड्याने आखून ठेवाव्यात.

चालकाने परवाना, वाहन नोंदणी, विमा व प्रदूषणविषयक प्रमाणपत्र पोलिसांना दाखवावे. विमा कंपनीलाही लेखी कळविणे त्याच्यावर बंधनकारक आहे. त्यात विमापत्राचा क्रमांक व मुदत, अपघाताची तारीख, वेळ व ठिकाण, जखमी अथवा मृत व्यक्तींचा तपशील, आणि चालकाचे नाव व परवान्याचा तपशील या गोष्टी असाव्यात. पुष्कळ चालक हे काम मालकाचे समजून स्वस्थ बसतात आणि पुढे भरपाईच्या दाव्यात अडचण येते. तेव्हा चालकाने मालकाला त्याच दिवशी सर्व हकीकत सांगून हे पत्र गेल्याची खात्री करून घ्यावी.

केवळ वाहनाचे नुकसान झाले असेल आणि कोणालाही इजा झाली नसेल, तर छायाचित्रे घेऊन वाहने कडेला घ्यावीत व रस्ता मोकळा करावा. दोन्ही चालकांनी नाव, पत्ता, वाहन क्रमांक व विम्याची माहिती परस्परांना द्यावी. रस्त्यावरच पैसे देऊन प्रकरण मिटविण्याची घाई करू नये. विशेषतः कोणी पडला असेल आणि "मला काही झाले नाही" असे म्हणत असेल, तरी त्याला डॉक्टरांकडे नेलेच पाहिजे. डोक्याच्या व पोटाच्या आतील दुखापती काही तासांनी प्रकट होतात. पाचशे रुपये हातावर ठेवून घरी पाठविलेला मनुष्य रात्री बेशुद्ध पडल्यास त्या पैशाने कोणाचेही भले होत नाही.

सीमेवरील अडचणी

महाराष्ट्राची सीमा जवळ असल्याने या जिल्ह्यात काही प्रश्न नेहमी उपस्थित होतात. वाहन नागपूरचे, चालक बैतूलचे, जखमी सौंसरचा आणि मृत्यू नागपूरच्या रुग्णालयात, असे घडू शकते. अशा वेळी फिर्याद कोठे द्यावी, या विचारात दिवस जातात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर, घटना कोणत्याही हद्दीत घडली असली तरी, कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. ते ठाणे ती नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठविते. खबर लिहून घेतल्यावर ती देणाऱ्याला वाचून दाखविली पाहिजे आणि तिची प्रत विनामूल्य दिली पाहिजे. या जिल्ह्यात पोलीस ठाण्याचे कामकाज हिंदीत चालते. मराठी बोलणाऱ्या खेडुताने आपण सांगितलेले बरोबर उतरले आहे किंवा नाही, हे समजून घेतल्यावरच सही किंवा अंगठा करावा.

नुकसानभरपाईचा अर्ज अपघात झाला त्या भागातील, अर्जदार राहतो त्या भागातील किंवा प्रतिवादी राहतो त्या भागातील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे करता येतो. म्हणजे सौंसरच्या विधवेला ट्रकमालकाच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने अशा अर्जासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे, म्हणून विलंब करू नये. धडक देणारे वाहन सापडलेच नाही, तरी मार्ग बंद होत नाही. १ एप्रिल २०२२ पासून अशा अपघातातील मृत्यूसाठी दोन लाख रुपये व गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये भरपाईची तरतूद आहे. त्यासाठीचा अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे चौकशीसाठी करावयाचा असतो. पटवारी व ग्रामपंचायतीचे सचिव यांनी ही माहिती संबंधित कुटुंबाला आपण होऊन दिली, तर ते फार मोठे साहाय्य होईल.

गावाचेही कर्तव्य आहे

चालकाने थांबावे अशी अपेक्षा करावयाची, तर थांबलेल्या चालकाला सुरक्षित वाटेल असे वातावरण गावानेही निर्माण केले पाहिजे. ज्या गावात थांबलेल्याला मार बसतो, त्या गावाजवळ पुढचा चालक थांबत नाही आणि त्याची किंमत त्याच गावातील एखाद्या जखमी मुलाला द्यावी लागते. अपघात होताच सरपंच, कोटवार व शिक्षक यांनी पुढे होऊन दोन गट करावेत. एका गटाने जखमींकडे पाहावे आणि दुसऱ्याने वाहतूक व गर्दी आवरावी. चालकाला बाजूला बसवून पोलिसांच्या स्वाधीन करावे. न्याय करण्याचे काम न्यायालयाचे आहे.

मदत केल्यास पोलिसांचे व न्यायालयाचे हेलपाटे मागे लागतील, ही लोकांची शंकाही आता दूर झाली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदतकर्त्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना मान्यता दिली. पुढे कायद्यात कलम १३४-अ घालण्यात आले आणि २०२० मध्ये त्याचे नियम झाले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर जखमीच्या इजेसाठी किंवा मृत्यूसाठी दिवाणी अथवा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही. त्याला आपले नाव व पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही आणि रुग्णालयात थांबवून ठेवता येत नाही.

शिक्षकांनी हा विषय वरच्या वर्गांत अवश्य शिकवावा. १०८ व ११२ या क्रमांकांवर माहिती कशी सांगावी, रक्तस्राव कसा थांबवावा, लाल त्रिकोण कोठे ठेवावा, याचे प्रात्यक्षिक एका तासिकेत होऊ शकते. आजची मुले उद्याचे चालक आहेत आणि त्यांतील अनेकांच्या घरी ट्रॅक्टर व मोटारसायकल आजच आहे.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

१. टक्कर होताच थांबावे, इंजिन बंद करावे व धोक्याचे दिवे लावावेत.

२. मागून येणाऱ्या वाहनांना किमान पन्नास मीटर अंतरावरून सूचना मिळेल अशी व्यवस्था करावी. ठेवलेले दगड नंतर उचलावेत.

३. १०८ व ११२ वर नेमके ठिकाण व जखमींची संख्या सांगावी.

४. जखमीला प्रथम जवळच्या रुग्णालयात न्यावे.

५. जमावाचा धोका असल्यास घरी न जाता सरळ पोलीस ठाण्यात जावे. २४ तासांची मुदत ही शेवटची मर्यादा समजावी.

६. नाव, पत्ता व कागदपत्रे लपवू नयेत. विमा कंपनीला लेखी कळवावे.

७. इजा झालेल्या प्रकरणात रस्त्यावर तडजोड करू नये.

८. वाहनात लाल त्रिकोण, विजेरी, प्रथमोपचार पेटी व विमापत्राची प्रत नेहमी ठेवावी.

अपघात क्षणात घडतो आणि त्या क्षणी काय झाले, हे कित्येकदा चालकाच्या हाती नसते. त्यानंतरचा तास मात्र त्याच्या हाती असतो. त्या तासात जो थांबतो, जखमीकडे पाहतो आणि खरी हकीकत सांगतो, तो कायद्यापुढे ताठ मानेने उभा राहू शकतो. आपल्या गावच्या रस्त्यावर तो थांबू शकेल, अशी परिस्थिती ठेवणे हे गावकऱ्यांच्या हाती आहे.